निरोपाची बाई

आमच्या नणंदेच्या लेकीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, बँडवाल्यानं एकदाचा दम घेतला, आणि आमच्या वरच्या खोलीतल्या तोडकरबाई गुडघे धरत धरत स्टेजवर चढल्या. नवरीच्या हातात पाकीट ठेवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि भर मांडवात खणखणीत आवाजात विचारलं, "बाळ, तुझा निरोप कुणाला द्यायचा?"

नवरीचा चेहरा खर्रकन उतरला. तिला वाटलं, कुणी तरी गेलं. नवी सासू लगबगीनं पुढं झाली, "कसला निरोप? काय झालं? मला सांगा की." बाईंनी पर्समधून एक कार्ड काढलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नको. एका चुलीचं माणूस चालत नाही."

मी खाली वाढप्यांवर ओरडत होते. तिथूनच कपाळाला हात लावला. नणंद अजून म्हणते, "वहिनी, तुमच्या त्या डॉक्टरीणबाईला माझ्या दारात आणायचं नाही." आणि गंमत म्हणजे त्या नवरीनं दुसऱ्याच दिवशी गुपचूप फोन करून आपल्या एका मैत्रिणीचं नाव बाईंना लिहून घ्यायला लावलं. ते मी नणंदेला सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळलं तर कळू दे.

तोडकरबाई म्हणजे डॉक्टर शकुंतला तोडकर. वय सदुसष्ट, उंची बेताची, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. गर्भपिशवीच्या तोंडाला जो कॅन्सर होतो, त्यावर त्यांचं संशोधन. सगळा जन्म मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला. मग तीन वर्षांच्या एका कामासाठी बीड जिल्ह्यात आल्या आणि लिंबागणेशला आमच्या भांड्याच्या दुकानावरची खोली घेतली. तीन वर्षं संपली, काम संपलं, जीप गेली, बरोबरची पोरंपोरी गेली. बाई काही गेल्या नाहीत. सात वर्षं झाली. का राहिलात म्हणून विचारलं की, "अगं, कार्डं अजून भरायचीत."

आल्या त्या आठवड्यात वर स्वयंपाकाची काही हालचाल दिसेना. बघते तर बाई खिडकीत उभं राहून चहात पाव बुडवून खातायत. मी म्हणलं, बाईमाणूस आपल्या डोक्यावर उपाशी राहतंय, हे काही बरं नाही. पिठलं-भाकरी धाडली वर. ते जे सुरू झालं ते आजतागायत. दोन्ही वेळचा डबा आमच्याच चुलीवरून जातो. जेवतात मात्र अजून उभ्यानंच. "बसून कुणाशी बोलायचंय?" म्हणतात. आणि एकदा सुद्धा, भाजी खारट झाली का अळणी, चकार शब्द नाही. मला राग येतो त्याचा. माणसानं नावं तरी ठेवावीत!

आता कार्डाची भानगड सांगते. प्रत्येक बाईचं एक कार्ड. नाव, गाव, वय, मुलं किती, त्रास काय, आणि सगळ्यात खाली एक ओळ: निरोप कुणाला द्यायचा? म्हणजे तपासणीत काही वाईट निघालं तर कुणाला कळवायचं. पूर्वी म्हणे त्या घरीच कळवायच्या. एकदा एका बाईचा निरोप त्यांनी तिच्या सासूकडं दिला. "आठ दिवसांत घेऊन या, छोटंसं काम आहे, बरी होईल." सासूनं सुनेला काय सांगितलं देव जाणे, पण आठ दिवसांत सून माहेरी होती, कायमची. 'कॅन्सरवाली' म्हणून. उपचार राहूनच गेला. बाईंना कळलं तोवर वर्ष उलटलं होतं. पुढचं त्या सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

तेव्हापासून नियम. नवरा नको, सासू नको, जाऊ नको, एका चुलीवर जेवणारं कुणीच नको. बहीण चालेल, मैत्रीण चालेल, बांधाशेजारची चालेल. "नवऱ्याकडं दिलेला निरोप," बाई म्हणतात, "ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर पोचतो."

माझ्याही कार्डावर मी धर्मापुरीच्या बहिणीचं नाव दिलं. आमच्या अप्पांना, म्हणजे आमच्या मालकांना, ते लई लागलं. "तीस वर्षं संसार केला. मग मी कोण?" मी म्हणलं, तुम्ही एका चुलीचे. चार दिवस गडी धड जेवला नाही.

तपासणीची बाईंची रीत एकदम साधी. कापसाचा बोळा शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवायचा, तिथं लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. डाग असला तर पांढरा उमटून येतो. आधी बघितलं तर दिसत नाही. "एक मिनिट म्हणजे एक मिनिट," असं त्या इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाल्यात की आता सगळ्यालाच एक मिनिट लावतात. चहा उकळला की एक मिनिट. कुणी भांडायला आलं की "एक मिनिट" म्हणून घड्याळाकडं बघत राहतात, खरोखर पूर्ण मिनिट. तोवर समोरच्याचं अवसान गळतं. एकदा कंडक्टरनं सुट्ट्यावरून त्यांच्यावर आवाज चढवला. बाईंनी घड्याळ बघितलं. मिनिट झालं तोवर तो आपणहून म्हणाला, "बसा मावशी."

त्यांच्या अंगाला, पिशवीला, पुस्तकांना सगळ्याला शिरक्याचा वास. अप्पांना मात्र शिरका फळला. कांद्यावर टाकायला म्हणून अर्धी बाटली मागून घेतली आणि पाहुण्यांना पंगतीत सांगितलं की हा डॉक्टरी कांदा आहे.

आणि तांब्या! दुकानात बाई गिऱ्हाईक आलं की जिन्यात पावलं वाजायचीच. खाली येऊन तोडकरबाई फळीवरचा पितळी तांब्या उचलणार, उलटा धरणार. "ही समज तुझी गर्भपिशवी. हा तिचा गळा, हा काठ. हा कॅन्सर इथं काठाला होतो. आणि एका दिवसात होत नाही गं, आधी कितीतरी वर्षं नुसता डाग असतो. तांब्याला डाग पडला तर काय करतेस?"

"चिचंनं घासते."

"मोडीत घालतेस का?"

"चांगला तांब्या मोडीत कावून घालू बाई?"

"मग?" एवढं म्हणून तांब्या परत फळीवर.

झालं व्याख्यान. आमच्या भागातल्या बायकांना ते बरोबर कळायचं, कारण आमच्याकडं पोटात दुखलं, अंगावरून गेलं की पिशवीच काढून मोकळं व्हायची रीत पडून गेलेली. उसाच्या फडात दुखण्याला सुट्टी नसते. तिशीच्या आत तांब्या मोडीत. बाई त्या एका गोष्टीवर चिडायच्या, एरवी नाही. पुरुष गिऱ्हाईक असलं तर मात्र तांब्या उलटा झाल्याबरोबर बाहेर पळायचं. अप्पा हंड्यांच्या रांगेमागं जाऊन बसायचे आणि तिथून हाक मारायचे, "मंगल, झाला का तांब्या सुलटा?"

सगळी कार्डं त्या आमच्याच दुकानातून घेतलेल्या पत्र्याच्या धान्याच्या कोठीत ठेवतात. गावाप्रमाणं दोरीनं बांधून. एकदा त्या बीडला गेल्या होत्या, मी खोली झाडायला वर गेले, कोठीचं झाकण उचललं. सगळ्यात वर एक नंबरचं कार्ड. शकुंतला तोडकर. म्हणजे बाईंनी पहिली तपासणी स्वतःचीच करून घेतलेली! सगळ्या ओळी भरलेल्या, मोत्यासारखं अक्षर. शेवटची ओळ कोरी.

मी आपलं सरळ विचारलं, माझ्या पोटात काही राहत नाही. "बाई, जगाला विचारता, तुमची ओळ कोरी कशी?"

"एक मिनिट," म्हणाल्या. घड्याळाकडं बघितलं. मिनिट झालं. "राहू दे," म्हणाल्या.

मला भयंकर राग आला. रात्रंदिवस डोक्यावर राहतात, दोन वेळा माझ्या हातचं खातात, आणि माझं नाव लिहायला यांचा हात मोडला असता का? अप्पांना म्हणलं, बघा, आपण परकेच. अप्पा म्हणाले, "आता कळलं मला कसं वाटलं ते?"

सात वर्षांत त्यांच्याकडं कुणी आलं नाही. जाडजूड मासिकं यायची टपालानं, त्यात त्यांचं लिहिलेलं छापून यायचं, बायकांच्या नावाऐवजी आकडे घालून. एक भाऊ होता, तो दिवाळीला फोन करायचा. मग त्याचा नंबर लागेना. फोन वाजला की बाई पहिल्या रिंगला उचलतात, आणि बहुतेक वेळा ते कर्ज पाहिजे का विचारणारं कुणी तरी असतं. त्यांनाही बाई म्हणतात, "नको बाळ. तुझी आई तपासून घेतलीस का?"

सगळ्यात वाईट दिवस दसऱ्या-दिवाळीनंतरचे. टोळ्या ऊसतोडीला जातात, वस्त्यांना कुलपं लागतात, मागं म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. बाईंना तेव्हा काही काम नसतं. तरी त्या रोज सकाळी पिशवी घेऊन निघतात, एका वस्तीवर जातात, दारापुढनं फिरतात आणि परत येतात. एकदा मी बरोबर गेले. कुलूप दिसलं की थांबायच्या, "ही सीता. पोरगी दुसरीत आहे." पुढं चालायच्या. "ही कौसाबाई. पाठ दुखते तिची." मी म्हणलं, बाई, घरात कुणी नाही, कुणाशी बोलताय? म्हणाल्या, "हजेरी घेते."

गया भेटली ती मागच्या दसऱ्यानंतर. डोंगराकडच्या एका वस्तीवर शाळेच्या खोलीत तपासणी ठेवली होती. अशा वेळी मी दार राखायला जाते. पडदा धरायचा आणि डोकावणाऱ्या गड्यांना शिव्या घालायच्या, हे काम मला छान जमतं. गया सगळ्यात शेवटी आली. वय एकोणतीस, दोन लेकरं, अंगाची नुसती काठी झालेली. शिरका लावला, मिनिट झालं, आणि बाई दुसरं मिनिट बघत राहिल्या. तेव्हाच मला समजलं. नमुना घेतला, शहरातल्या प्रयोगशाळेत धाडायचा म्हणून बाटलीत बंद केला.

"गया, चार दिवस थांब. बीडला नेते तुला. छोटंसं काम आहे."

"बाई, गाडी सकाळी सुटती. मुकादम थांबन व्हय? आल्यावर बघू की."

"रिपोर्ट आला तर निरोप कुणाला देऊ?"

गयेला आई नव्हती, बहीण नव्हती. बाई म्हणाल्या, मैत्रीण? गया हसली. "उसात मैतरीण कुठली बाई? दर साली टोळी बदलती." मग साडीचा पदर खोचत सहज बोलल्यासारखं बोलली, "तुमचंच लिवा की. तुमी कुठं आमच्या चुलीच्या हाय?"

बाईंनी घड्याळ बघितलं. आणि त्या ओळीवर स्वतःचं नाव आणि नंबर लिहिला.

दिवाळी झाली. एक दिवस मी डबा घेऊन वर गेले आणि फोन वाजला. बाईंनी उचलला. "हो, मीच बोलते. हो, गयाच्या निरोपाची बाई मीच. सांगा." ऐकत राहिल्या. "देते निरोप," म्हणाल्या आणि फोन ठेवला. प्रयोगशाळेतली ती नवीन पोरगी, बाटलीबरोबर धाडलेली कार्डाची नक्कल बघून नंबर लावत होती, तिला काय माहीत आपण कुणाशी बोलतोय. मला हसू आलं. बाईंना नाही.

"मंगल, मला निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "डाग वाढायला लागलाय. किती खोल गेलाय ते तिला बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आत्ता सापडली तर काठावरचं काम आहे. हंगाम संपेपर्यंत थांबलं तर मला ठाऊक नाही."

मी म्हणलं, "मग नवऱ्याला फोन लावा की! मुकादमाला लावा!"

बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी डबा ठेवला आणि खाली आले. ती माहेरी धाडलेली सून मलाही आठवली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला आमच्या गावात 'गयेचं खूळ' म्हणतात. टोळी आधी कोल्हापूरकडं होती, तिथून कर्नाटकात हलली, एवढंच समजलेलं. बाई रोज उठून मांजरसुंब्याला जायला लागल्या. तिथं सगळ्या वाटांच्या गाड्या जेवायला थांबतात. एका ढाब्यावर कोपऱ्यातली खुर्ची धरून त्या बसायच्या आणि येईल त्या ड्रायव्हरला चिठ्ठ्या द्यायच्या. ऊसतोडीकडं चाललेल्या कुणालाही द्या म्हणून. चिठ्ठीवर ना आजार, ना आडनाव. बाईचा आजार चव्हाट्यावर नको, म्हणून फक्त एवढंच: 'गया, तुला निरोप आहे. फोन कर. डॉक्टरबाई.' आणि नंबर.

मी सांगितलं होतं, बाई, बीड जिल्ह्यात दगड उचलला तर खाली गया निघते. त्यांनी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. गेवराईची गया, आष्टीची गया, वडवणीची गया. उसाच्या फडातनं, दुसऱ्याच्या फोनवरनं, धापा टाकत. "हॅलो, मी गया. मला निरोप हाय म्हणं? कुणाचा हाय?" प्रत्येकीला वाटायचं आपल्यालाच कुणी तरी बोलावलंय. कुणाला वाटायचं आईचा, कुणाला वाटायचं शाळेतल्या पोराचा.

ढाब्याचा मालक हसून बेजार. "बाई, एवढ्या गया गोळा केल्या, आता गंगा आणि गोदा बी बोलवा." मी पण हसले, खोटं कशाला बोलू. पण बाईंना कुणालाच 'तुझा नाही' असं सांगवेना. त्या म्हणायच्या, "हो गया, निरोप आहे. तब्येत कशी आहे? तपासणी झालीय का?" आणि मग कार्ड, आणि मग शेवटची ओळ. अशा अकरा गया वाढल्या कोठीत.

त्यातली पाटोद्याची गया तर दर आठवड्याला फोन करायला लागली. "बाई, आज काय निरोप हाय का?" तिला कळलेलं होतं की चिठ्ठी तिची नव्हती. तरी करायची. बाईसुद्धा रीतसर निरोप द्यायच्या. "हो. थंडी आहे, डोक्याला बांध." पुढच्या आठवड्यात, "हो. पाणी उकळून पी." मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. पलीकडून ती खिदळायची आणि अलीकडं बाई हसायच्या. बाईंना हसताना मी त्या आधी फारसं ऐकलेलं नव्हतं.

पण आपली गया मिळेना. पौष लागला. बाईंचा डबा अर्धा परत यायला लागला. एकदा मी वर गेले तर गयेचं कार्ड मांडीवर घेऊन बसलेल्या. बसलेल्या, हे महत्त्वाचं. "मंगल," म्हणाल्या, "मी हे नाव लिहायला नको होतं. तिला दुसरं कुणी शोधायला लावायला पाहिजे होतं. मी कुणाच्या निरोपाची बाई होण्यासारखी आहे का?"

मी म्हणलं, "आधी जेवा."

संक्रांतीच्या चार दिवस आधी पाटोद्याच्या गयेचा फोन आला. तिचा वार नव्हता. "बाई, हितं कारखान्याच्या हौदावर पाण्याला एक नवी टोळी आलीया. त्यात एकीला गया म्हणून हाक मारली. मी विचारलं, तू शिरक्याची तपासणी केलती का? तर रडायलाच लागली. ही घ्या, हिलाच देते."

बाईंनी फोन कानाला गच्च धरला. पलीकडून बारीक आवाज, "बाई, लई रगत जातंय. ही मान्सं म्हंत्यात, हितंच पिशवी काढून टाक, दोन दिसात कामाला लाग."

"काढायची नाही!" बाई केवढ्यानं ओरडल्या! खाली अप्पांच्या हातातनं परात पडली. "हात लावू द्यायचा नाही कुणाला. मी येते."

दोन एस.टी. आणि एक वडापची जीप बदलून आम्ही पोचलो. मी का गेले? दार कोण राखणार? फडाच्या कडेला उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्या, आणि त्यातल्या एकीपुढं गया मोळीवर बसलेली. बाईंना बघून उठायला गेली. "तुमी कशाला आल्या एवढ्या लांब? निरोप धाडायचा की."

"कुणाकडं धाडू?" बाई म्हणाल्या. "तुझी निरोपाची बाई मीच आहे ना?"

नवरा आडवा आला, मुकादम आडवा आला. बाईंनी दोघांपुढं घड्याळ धरलं. पण ते मिनिट काही बाईंच्या मनासारखं गेलं नाही. मुकादम बधेना. मग मात्र मी तोंड उघडलं. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. भांड्याच्या दुकानात तीस वर्षं घासाघीस केलीय, मुकादम म्हणजे काय चीज! आणि पाटोद्याची गया कोयता तसाच हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिचाही उपयोग झाला.

जवळच्या शहरात बाईंची एक जुनी विद्यार्थिनी डॉक्टर होती. तिनं त्याच दिवशी गयेला घेतलं. डाग होता तेवढा भाग काढला, तुकडा तपासायला लावला. आम्ही पाच दिवस त्या विद्यार्थिनीच्या घरी राहिलो. त्या पाच दिवसांत बाई मला तीनदा म्हणाल्या, "भाजी तुझ्यासारखी नाही." सात वर्षांत पहिल्यांदा! आणि तेही अशा वेळी, की मला धड खूशही होता येईना.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही चौघी बाकावर बसलेलो. गया, तिला सोबत म्हणून आलेली पाटोद्याची गया, बाई आणि मी. विद्यार्थिनीनं कागद आणून दिला. बाईंनी दोनदा वाचला. "काठावरच होतं. आत गेलं नव्हतं. काढलेल्या तुकड्याची कड स्वच्छ आली. वर्षातनं दोनदा येऊन दाखवायचं, बस." मग गयेच्या डोक्यावर हात ठेवून, "तांब्या शाबूत आहे गं तुझा."

चहा आला. बाई बसून प्यायल्या. गयेच्या कार्डावर निकाल लिहिला, पेनाला टोपण लावलं. गया ते बघत होती.

"बाई, तुमचं पन कार्ड हाय का?"

"आहे की."

"मग तुमचा निरोप कुणाला द्याचा?"

बाईंनी घड्याळ वळवलं. आम्ही तिघी त्या काट्याकडं बघत बसलो. एक मिनिट झालं. काटा पुढं गेला. दुसरं मिनिट संपत आलं तरी बाईंची मान वर होईना. अगं बाई, म्हणलं, हिला खरंच कुणी नाही. सगळ्या जिल्ह्याच्या बायकांना विचारत फिरली, ते हिला स्वतःला उत्तर येत नव्हतं म्हणून.

गयाच बोलली. "माझं लिवा. फोन न्हाई मला, पन कुनी बी सांगू द्या, उसातनं उठून येते मी."

"माझं बी लिवा," पाटोद्याची म्हणाली. "माझ्याकडं दुसऱ्याचा फोन असतो."

आणि माझं डोकंच फिरलं. सात वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "यांचं कावून? मी मेले का? यांना बोलवायला कर्नाटकात जायचं का? खाली मी बसलेली असते दिवसभर. माझं नाव लिहा. आत्ताच्या आत्ता लिहा, माझ्यादेखत!"

बाईंनी कोरं कार्ड काढलं. वर स्वतःचं नाव घातलं, मधलं सगळं सोडलं आणि थेट शेवटच्या ओळीवर आल्या. लिहिलं, 'गया'. त्याखाली परत, 'गया'. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तुझं चालत नाही मंगल. नियम तुला माहीत आहे. एका चुलीचं माणूस चालत नाही."

सात वर्षं मी जिला परकी, आतल्या गाठीची म्हणत आले, तिनं माझं नाव का लिहिलं नव्हतं ते आत्ता मला कळलं. मी तिथंच, त्या दवाखान्याच्या बाकावर, पदर तोंडाला लावून रडायला लागले. लपवत नाही.

पाटोद्याची गया घाबरली. "बाई, ह्यास्नी काय झालं?"

बाईंनी घड्याळाकडं बघितलं.

"काही नाही," म्हणाल्या. "एक मिनिट दे तिला."